पद्माक्कांचं नाक

सावळजच्या शीतगृहात, बेदाण्याच्या खोक्यांमध्ये
तीन दिवस गार होत पडली होती
नेमगोंडानं अर्जेंटिनाहून आणलेली बाटली.
तोरोन्तेस. दर वेळी तो वेगळाच उच्चार करायचा.
दोन वर्षं तिकडं डोंगरातल्या द्राक्षांना
ठिबकच्या नळ्या जोडून आलेला;
म्हणाला, माती आपल्या जतसारखीच,
फक्त लांबवर बर्फ दिसतो.

बैठक साडेचारला ठरली, कारण पद्माक्का
दिवस मावळल्यावर पाणीही घेत नाहीत.
दारूचं तर नावच नको.
पण तीस वर्षं बेदाणा निवडलेलं ते नाक,
गंधक जास्त झालेलं खोकं
झाकण न उघडता बाजूला सारणारं,
त्याच्याशिवाय बाटली फोडायची कशी?
"पिणार न्हाई," त्या म्हणाल्या,
"वास तर तुमी न विचारताच येतोय."

सरबताच्या ग्लासात दोन-दोन बोटं ओतली.
रंग: माणिक चमनच्या घडाची उन्हाकडची बाजू.
पद्माक्कांनी ग्लास हातात धरला नाही,
मीच धरला त्यांच्या नाकापाशी,
दवाखान्यात वाफ देतात तसा.

"मोगरा न्हवं. मोगरा लई बोलतो.
ही सायली. कळी, अजून फुटायचीय.
मागं लिंबाची साल, नखानं खरवडलेली.
आणि थांबा,
आमच्या मोठ्या आत्तीच्या ट्रंकेतलं गुलाबाचं अत्तर,
संपल्यावरचं."

नेमगोंडाच्या छापील कागदावर
गुलाब होता, लिंबू होतं, पांढरी फुलं होती.
आत्तीची ट्रंक नव्हती.

मग आम्ही प्यालो.
नाकानं बासुंदीचं आवतण दिलेलं,
आणि पंगतीत वाढलं काय, तर
लिंबू पिळलेलं गार पाणी!
जाताजाता कडसर,
द्राक्षाची बी दाताखाली यावी तसं.
"गोड हाय का?" पद्माक्कांनी विचारलं.
नाही म्हणालो.
त्या कितीतरी वेळ हसत होत्या,
कुणाची आठवण झाली ते सांगितलं नाही.

खाण्याचं माझ्याकडं होतं, आणि माझं चुकलं.
सांगलीचं भडंग आणलेलं, लसूण-मिरचीचं:
दुसऱ्या घोटाला तोंडात वणवा.
शेंगाचटणीनं तिला कडू करून टाकलं.
नझीरनं भिलवडीहून मरळ आणलेला,
तव्यावर नुसतं मीठ, हळद, वरून लिंबू;
तो मात्र तिच्याशी असा बोलला
की आम्ही गप्प बसलो.
(पद्माक्का तेवढ्यापुरत्या वाऱ्याच्या उलट्या बाजूला,
पदर नाकाला, पाठ आमच्याकडं.)

नेमगोंडा सांगत होता, तिकडं हिच्यासोबत
करंजी खातात, आत खिमा घातलेली.
पाठीमागूनच आवाज आला:
"खिमा कशाला लागतोय? डबा उघडा की."
डब्यात करंज्याच होत्या.
ओला हरभरा, खोबरं, कोथिंबीर, किसभर आलंही नाही,
कंद त्यांना चालत नाही,
आंबटपणाला कैरी.
सकाळीच करून आणलेल्या.
बाटली तर चारला उघडली होती!
"खोक्याजवळनं गेले होते काल,"
एवढंच म्हणाल्या. "बूच जरा सैल हाय तिचं."

करंजीचा तुकडा, मग घोट.
हरभऱ्याचा हिरवा गोडवा
आणि तिचा कोरडेपणा,
मध्ये कैरी, दोघांना ओळखणारी.
नझीरनं तिसरी उचलली,
माशाकडं जरा अपराधी नजरेनं बघत.

सहाला पद्माक्का उठल्या. त्यांच्या वाटणीच्या दोन
करंज्या त्यांनी उजेड असेतो खाल्ल्या, पाणी प्याल्या,
चपला पायात सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी निवडायच्या टेबलावर
एकशे बाराव्या खोक्यापाशी त्यांचा हात थांबला.
"हे येगळं ठेवा," म्हणाल्या,
"ह्यात तुमची ती बाई शिरलीय."
गडी विचारायला लागला, टाकून द्यायचं का.
"टाकतोस कशाला?
भाव वाढवून लाव."